आठ फुटी घर

गावातली जुनी घरं लोकांना दाखवण्याचा रविवार वर्षातून एकदाच यायचा, पण त्याची धास्ती तिला दोन महिने आधीपासून असायची. समितीचे चिटणीस, निवृत्त हेडमास्तर, यादी घेऊन दारात उभे राहिले की ती आधी जिन्याकडे बघायची. यादीत घरं अकरा. पाच नंबरचं शेजारचं मोठं घर, आणि सहा नंबरचं हिचं. रुंदी आठ फूट, उंची तीन मजले. एका मजल्यावर एकच खोली आणि त्या खोल्यांना टाचणीसारखा टोचलेला अरुंद जिना.

लोक या घरासाठीच यायचे. आत शिरले की दोन्ही हात पसरून ते दोन्ही भिंतींना पोचतात का बघायचे आणि हसायचे. एकतीस वर्षं ती हेच हसू ऐकत आली होती. सुरुवातीला नवरा असायचा. तो जिन्यावर उभा राहून असा काही रंगवून सांगायचा की लोक निघायचं नाव घेत नसत. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि घर, जिना, सासरे आणि हा रविवार, सगळं हिच्या गळ्यात पडलं.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. आठवडाभर मान खाली घालून भिंगांच्या कडा घासायच्या आणि घरी येऊन सासऱ्यांचं सगळं करायचं. सासरे चौऱ्याऐंशीचे. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून ते दोन वर्षांत खाली उतरले नव्हते. जेवण वर, पाणी वर, कपडे खाली. दिवसातून किती चढ-उतार होतात ते तिने एकदा मोजायला घेतलं होतं आणि दुपारीच सोडून दिलं होतं. मोजून आणखीच दमायला होत होतं.

त्या रविवारी सकाळपासून रांग लागली. एका वेळी दहाच माणसं वर सोडायची, ती उतरली की पुढची दहा. जिन्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागायचं. ती तळमजल्यावर पहिल्या पायरीशी उभी राहून वाहतूक सांभाळत होती. "जपून हं, कठड्याला धरा." "नाही, वरून फोटो काढायला हरकत नाही, फक्त सासऱ्यांना विचारा." एकीने विचारलं, "अहो, मोठं कपाट वर कसं नेलंत?" "नेलंच नाही," ती म्हणाली. बाई खूप हसली. हिने काही विनोद केला नव्हता.

वर सासरे खुर्चीत बसून घराची कथा सांगायचे. त्यांच्या वडिलांना आणि थोरल्या काकांना मिळून एक जागा होती. भांडण झालं, थोरल्याने सगळी जागा घशात घातली आणि धाकट्याला आठ फुटांची पट्टी ठेवली. धाकटाही असा हट्टी, की त्याने त्या पट्टीवर, थोरल्याच्या भिंतीला खेटून, त्याच्या घरापेक्षा एक मजला जास्त चढवला. तेव्हापासून दोन घराण्यांत बोलणं नाही. शेजारी राहणारे चुलत दीर आणि जाऊ समोरून आले, तरी दोन्हीकडच्या नजरा रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जायच्या. तो दीर आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाला होता. त्याचा आडवा देह दारात उभा राहिला की दार दिसत नसे.

अकराच्या सुमारास वरून हाक आली. हाक सासऱ्यांची नव्हती, कुणा पाहुण्याची होती. "ताई, जरा वर येता का?"

ती गुडघ्यावर हात टेकत वर गेली. दहाजण भिंतीला पाठ लावून कानकोंडे होऊन उभे होते. सासरे खुर्चीत बसून रडत होते. आवाज नव्हता, नुसते डोळे गळत होते.

"ते सांगत होते," टोपीवाला एकजण अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "मग मधेच विसरले. मी म्हटलं, शेजारच्या घरात तर उलटं सांगतात, की धाकट्यानेच जागा स्वतःहून सोडली. मी सहज म्हटलं हो. मला काय माहीत..."

"असू द्या," ती म्हणाली. पदराने तिने सासऱ्यांचे डोळे पुसले. "बाबा, दमलात का? यांना खाली पाठवू?"

सासऱ्यांनी मान हलवली. मग एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, "सूनबाई, ते घर सगळं गाव बघून येतं. मीच नाही बघितलं."

"तुमचा जन्मच तिथला ना?"

"सहा वर्षांचा होतो, बाहेर पडलो तेव्हा. आठवत नाही काही. मला बघायचंय."

"आता? बाबा, खाली दीडशे माणूस उभं आहे."

"मग त्यांच्याबरोबर मलाही रांगेत उभं कर," सासरे म्हणाले. "तिकीट काढ माझं."

कुणीतरी हसलं.

तिला वाटलं, आता आपणही या खोलीत मटकन खाली बसावं. दुसऱ्या एखाद्या वर्षी तिने त्यांची समजूत घातली असती, गोळी दिली असती, पांघरूण घातलं असतं. पण समजूत घालायलाही अंगात त्राण लागतं. ती जिना उतरली, रांगेतून वाट काढत बाहेर आली आणि शेजारच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. एकतीस वर्षांत त्या दाराची कडी तिने जवळून पाहिली नव्हती. दारावर पाच नंबरची पाटी लटकत होती. लाज वाटेल, पाय अडखळतील असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. अभिमान बाळगायलाही माणूस विश्रांती घेतलेला असावा लागतो.

बैठकीच्या खोलीत पाहुणे छताकडे बघत होते आणि दीर घोटून पाठ केलेलं काहीतरी त्यांना सांगत होता. त्याने हिला पाहिलं आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर लटकलं. ती तशीच आत, स्वयंपाकघरात गेली. जाऊ ओट्याला टेकून, एक चप्पल काढून, तळपाय चोळत उभी होती. हिला बघून तिने घाईने चप्पल घालायला घेतली.

"राहू द्या ताई," ही म्हणाली. "माझेही पाय गेलेत."

जाऊने तरी चप्पल घातली. मग तिने स्टूल पुढे सरकवलं. "बस. किती लोक झाले तुझ्याकडे?"

"मोजले नाहीत."

"मीही नाही. एकाने तर माझ्या फ्रीजचं दार उघडून बघितलं." जाऊने भांड्यात पाणी ओतून तिच्यापुढे धरलं. "काकांचा खोकला वाढलाय ना? चार दिवस ऐकतेय."

ती भांडं तोंडाशी नेता नेता थांबली. "तुम्हाला ऐकू येतं?"

"भिंत एकच आहे की आपली. तू पहाटे उठतेस ते कळतं. शनिवारी गादी सरकवतेस ते कळतं." जाऊने चप्पल पुन्हा काढली. "तुझा नवरा गेला ना, तेव्हा तुझं रडणं ऐकू आलं नाही म्हणून मी भिंतीशी जाऊन बसले होते. म्हटलं, ही बाई रडत का नाही? येऊन दार वाजवावं असं तीनदा मनात आलं. हे म्हणाले, गेलीस तर हाकलून देतील."

"दिलंच असतं," ती म्हणाली. "तेव्हा दिलंच असतं."

"मग आज कशी आलीस?"

तिने सांगितलं. डॉक्टरांना औषधांची नावं सांगावीत तसं तिने सांगितलं. जाऊने सगळं ऐकून घेतलं आणि बैठकीच्या दिशेने हाक मारली, "अहो, ते छत कुठे जात नाही. इकडे या आधी."

दीर आला. ऐकून त्याने कपाळ खाजवलं. "खुर्चीसकट उचलू."

"वळणावर खुर्ची अडकेल," ती म्हणाली. "तिथे काहीच वळत नाही."

"मग पाठीवर घेतो."

"तुमची कंबर!" जाऊ म्हणाली.

"कंबर काय, बत्तीस वर्षं सीटवर बसून तशीही गेलेलीच आहे."

मग जे झालं ते रांगेतल्या लोकांना अजून आठवत असेल. आधी जिना रिकामा करायला लागला. वरचे दहा खाली, खालचे रस्त्यावर. चिटणीस घड्याळ बघत धावत आले. "अहो, सहा नंबर का थांबलाय? सात नंबरवाले माझ्या नावाने ओरडतायत!" दीर आडवा आडवा होत वर गेला. त्याचे दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. खोलीत शिरून तो सासऱ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मी."

सासऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू रे! जाड झालास."

"हो, झालोय थोडा."

"मला पाडू नकोस."

"नाही पाडत. गळ्याभोवती हात टाका."

पाठीवर सासरे, पुढे दीर, मागून सासऱ्यांचे पाय धरून ती, अशी वरात पायरीपायरीने उतरली. वळणावर दीर इतका वेळ थांबला की ती घाबरली. पण तो नुसता धापा टाकत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिने त्या माणसाकडे असं पाहिलं की त्याने हात खाली केले.

शेजारच्या बैठकीत त्यांनी सासऱ्यांना मोठ्या खिडकीपाशी बसवलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता ते काही बोलतील, भांडणाबद्दल, वडिलांबद्दल, कोणाचं खरं आणि कोणाचं खोटं त्याबद्दल. सासऱ्यांनी छत बघितलं नाही, भिंती बघितल्या नाहीत. त्यांनी मांडीवर पडलेल्या उन्हात हात उलटासुलटा करून पाहिला.

"इथे ऊन येतं रे," ते म्हणाले.

"अकरापासून दोनपर्यंत येतं, काका," दीर म्हणाला. "थंडीत जरा जास्त."

सासऱ्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांची मान छातीवर टेकली आणि ते घोरू लागले. पाहुणे चवड्यांवर चालत त्यांच्या बाजूने पुढे सरकले.

"तू जा," जाऊ तिला म्हणाली. "मी आहे इथे. संध्याकाळी सोडतो आम्ही."

ती घरी परत आली, पहिल्या पायरीशी उभी राहिली, पुढचे दहाजण वर सोडले. वरून एका बाईने विचारलं, "या खोलीत कोण राहतं हो?"

"सासरे," तिने खालून सांगितलं. "ते आज बाहेर गेलेत."

सांगून झाल्यावर तिला जाणवलं, हे वाक्य आपण दोन वर्षांत उच्चारलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या माणसाने भिंतीला हात लावून "बापरे, खरंच आठ फूट!" म्हटलं आणि ती पुन्हा कामाला लागली.

त्यानंतर दर रविवारी दीर येऊन सासऱ्यांना पाठीवर न्यायचा. सहा रविवार नेलं, सातव्या रविवारी त्याची कंबर धरली आणि तो स्वतःच आठवडाभर झोपून राहिला. मग जाऊने शेजारच्या गल्लीतल्या हमालाला बोलावून आणलं. भांडण कोणी केलं होतं, जागा कोणी सोडली होती, हे कोणी काढलं नाही. तिने तर मुळीच नाही. सासरे उन्हात बसलेले असायचे, ती स्वतःच्या घरी पहिल्या मजल्यावरच्या पलंगावर, चप्पलसुद्धा न काढता, आडवी व्हायची आणि अकरापासून दोनपर्यंत तिला कोणी उठवत नसे.