डावीकडचे दीड हजार

हट्टा गावच्या करुणाला तिच्या हिशोबात कुणी चूक काढलेली खपत नसे. गावातल्या बचत गटाची वही सात वर्षं तिच्याकडे. शाळा आठवीतच सुटलेली, पण अक्षर टपोरं आणि बेरीज तोंडी. हिशोब तिला कुणी शिकवला नव्हता, किराणा दुकानातली रोजकीर्द बघून बघून ती शिकली होती. त्यामुळे तोरा अंमळ जास्तच.

त्या दुपारी अंगणात शिजवलेली हळद वाळत होती आणि पडवीत तिची पोरगी प्रतीक्षा अकरावी कॉमर्सचं पुस्तक मांडीवर घेऊन वैतागली होती.

"आई, हे नावे आणि जमा माझ्या डोक्यातच शिरून नाही राहिलं."

"त्यात काय हाय? घेतलं त्याच्या नावे, दिलं त्याचं जमा. मी गटातून कर्ज उचललं, माझ्या नावे पडलं. फेडलं, माझं जमा झालं. संपलं तुझं कॉमर्स."

"ते कळलं. पण जमा उजवीकडं काहून?"

"डावीकडं असतं जमा. दुकानात बघ जाऊन."

"दुकानात असंल. पुस्तकात उजवीकडं हाय. तुमच्या गटाच्या छापील वहीत बी उजवीकडंच हाय."

छापील वहीतही आपलं कुठं चुकलेलं नाही हे पोरीला दाखवायला म्हणून करुणानं कपाटातून वही काढली. आधी गटाकडे दोनशे पानी साधी वही होती, तिच्यात करुणानंच पट्टीनं रेघा मारलेल्या. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, अगदी दुकानासारखं. गेल्याच्या गेल्या वर्षी एप्रिलात ही छापील वही आली, आणि हिच्यात सगळं उलटं. ते तिच्या लक्षात आलं होतं की! गटाच्या अध्यक्ष नर्मदाबाईंचं पान बघितलं, बरोबर. तिचं स्वतःचं, तेही बरोबर.

मग गावात बांगड्या विकणाऱ्या खतीजाबीचं पान उघडलं.

डावीकडे, नावेच्या रकान्यात, जुन्या वहीतून आणलेली बाकी: तीन हजार. त्याच्याखाली, त्याच रकान्यात, दीड हजार. शेजारी करुणाच्याच हळदीनं पिवळ्या अंगठ्याचा ठसा. एप्रिलातली पहिली बैठक, हळदीचे दिवस. लेकीच्या बाळंतपणाला सेनगावला निघालेल्या खतीजाबीनं घाईघाईत अर्धं कर्ज एकदम आणून दिलं होतं. नव्या वहीतला तो पहिलाच भरणा. आणि हातानं सवयीनं डावी बाजू धरली होती.

"आई, यांनी पैसे भरले ना? मग कर्ज वाढलं कसं?" प्रतीक्षानं बोट ठेवलं. "दीडच हजार राहायला पाहिजे होते. तू साडेचार दाखवले. चुकीच्या बाजूला लिहिलं की फरक दुप्पट पडतो, आमच्या सरांनी परवाच सांगितलं."

करुणाचं बोट त्या पिवळ्या ठशावर गेलं. तिला मागच्या वर्षीच्या मार्चची बैठक आठवत होती. सतरा बायका. उरलेले दीड हजार पदराच्या गाठीत बांधून आलेली खतीजाबी. "मैंने गिन के दिये थे, करुणाबाई. आधे दिये थे." आणि वहीवर हात आपटणारी ती स्वतः: "वहीत जे हाय ते हाय, खतीजाबी. वही काय माझ्या घरची न्हाई." मागून कुणीतरी हसलंही होतं.

आठ दिवसांनी खतीजाबीनं गाभण शेळी विकली, साडेचार हजार मोजले, आणि पुन्हा गटात आली नाही. वर्षअखेरीला पेटीत तीन हजार जास्त निघाले. व्याज साचलं असेल, सगळ्या म्हणाल्या. आणि खुशीत गटासाठी मोठी लाल सतरंजी आणली. वर्षभर सगळ्या तिच्यावर ऐसपैस बसत होत्या. करुणाची जागा मधोमध.

"इतकं काय तोंड पाडायचं त्यात?" प्रतीक्षा म्हणाली. "एक उलट नोंद टाक. कुणाला कळणार बी न्हाई."

कुणाला कळणार नाही, हे खरंच होतं. आणि तेच करुणाला रात्रीपर्यंत जेवू देईना.

सकाळी हळदीच्या मजुरीतले तीन हजार रुमालात बांधून ती खतीजाबीच्या दारात गेली. खतीजाबी ओट्यावर बांगड्यांची टोपली लावत होती. बस म्हणाली नाही. करुणानं उभ्यानंच सगळं सांगितलं, डावी बाजू, उजवी बाजू, अंगठ्यासकट, आणि रुमाल पुढे केला.

खतीजाबीनं बांगड्यांचा डझन मोजून बांधला. मग म्हणाली, "हे पैसे गटाचे का तुझे?"

"माझे."

"तुझे कशाला घेऊ? तू खाल्ले का?"

"न्हाई. पण चूक माझी हाय."

"चूक अकेले में सांगून राहिली. झूठी तर मला सतरा बायांसमोर केली होती." तिनं टोपली उचलली. "शेळीला दोन करडं झाली, मालूम? ज्यांनी घेतली त्यांच्या घरी. मी रोज त्या गल्लीतून जाते."

बैठक दोनच दिवसांवर होती. ते दोन दिवस करुणानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. अध्यक्ष नर्मदाबाईंना आधी सांगून ठेवावं म्हणून गेली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "आता कशाला उकरतीस बाई? तपासणीवाले येऊन राहिले. लोक म्हणतील, आणखी किती जणींचं असं केलं!"

हे करुणाच्या मनात आलं नव्हतं असं नाही.

बैठकीला सगळ्या सतरंजीवर बसल्या. करुणा फरशीवर बसली. "काहून गं, सतरंजी टोचून राहिली का?" कुणीतरी टोमणा मारला.

"व्हय," करुणा म्हणाली. "ही सतरंजी खतीजाबीच्या शेळीची हाय."

मग तिनं पान उघडून सगळ्यांना दाखवलं. कुठल्या रकान्यात काय पडलं ते बोट ठेवून सांगितलं. सगळ्यात शेवटी म्हणाली, "वही खोटी न्हाई बोलली. मी बोलले. खतीजाबी खरं बोलली होती."

खतीजाबी दारात उभी होती. कधी आली, कुणी पाहिलं नाही.

मागच्या वर्षी हसलेली कोण होती, ते कुणी विचारलं नाही. दोघी-तिघी खाली बघत होत्या एवढंच. शेवटी नर्मदाबाईंनीच पेटी उघडली आणि तीन हजार खतीजाबीच्या हातावर ठेवले. तिनं ते तिथंच दोनदा मोजले.

करुणानं वही खतीजाबीपुढे सरकवली आणि सगळ्यांना म्हणाली, "आता दुसरीला द्या लिहायला."

"दुसरी दुसरी गलती करंल," खतीजाबी म्हणाली. "तू लिख. पण जोर से वाचून लिख. मी ऐकते."

करुणानं लाल पेन घेतलं. जुनं खोडलं नाही. मोठ्यानं वाचत उलट नोंद केली, आणि खतीजाबीचे तीन हजार तिला परत दिल्याची नोंद केली. वही जुळली. त्या दोन करडांसाठी मात्र डावीकडेही रकाना नव्हता आणि उजवीकडेही.

तोवर खतीजाबी सतरंजीच्या कडेला टेकली होती. तळहातानं तिनं ती चाचपून पाहिली.

"अच्छी है," ती म्हणाली. "मेरी बकरी से मुलायम है."

आधी नर्मदाबाई हसल्या, मग सगळ्याच. करुणाला हसू आलं नाही. खतीजाबीनं तिच्याकडे न बघताच थोडं सरकून शेजारी जागा केली. करुणा उठली, आणि तिच्याशेजारी कडेलाच बसली.