पेस्टीवरची दोन अक्षरं

"बाई, तुमचा मुलगा सतराचा आहे, फौजेत घ्यायच्या वयाचा नाही, हे मी मान्य करतो," जज व्हिटलॉक म्हणाले. "पण त्याला सोडायचा हुकूम मला देता येत नाही."

थॉमसिन ट्रेवोरोनं टेबलावरचं घरचं बायबल हलवलं नाही. पहिल्या पानावर पाची मुलांच्या जन्मतारखा होत्या, शेवटची जॉर्डनची. तो खोटं नाव, खोटं वय सांगून फौजेत शिरला, महिन्याभरात पळून घरी आला, आणि शिपायांनी त्याला गोठ्यातून उचलून छावणीच्या कोठडीत टाकलं.

"दोन वर्षांमागं पेनरोजचं पोर फौजेतून तुम्हीच सोडवलंत. त्याच्या आईचं बायबल काय चांदीचं होतं?"

"तेव्हा चालत होतं. आता वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आलाय. फौज केंद्र सरकारची, त्यांच्या ताब्यातल्या माणसाला राज्याच्या जजानं सोडवायचं नाही. तुम्ही मॅडिसनला जा, त्यांच्या कोर्टात."

"म्हणजे सरकारं दोन, आणि पोर माझं एकच."

"मी छावणीच्या कप्तानाला दयेचं पत्र देतो."

"दया कशाला? मी खरं वय घेऊन आलेय." तिनं बायबल काखोटीला मारलं.

छावणीच्या फाटकावर हवालदारानं वही चाळली. "जॉर्डन ट्रेवोरो? असा कैदी नाही. फ्रँक स्टोन आहे."

"त्या नावाचं पोर मी जन्माला घातलेलं नाही."

तिनं फडक्यातून पेस्टी काढली, कणकेच्या पारीत मांस-बटाटा भरून भाजलेली. थॉमसिनला लिहिता येत नव्हतं, पण घरातल्या प्रत्येकाच्या नावा-आडनावाची दोन अक्षरं तिला कणकेत वळता यायची. घरचे पुरुष खाणीत कामाला; तिथं कुणाची पेस्टी कुणाला जाऊ नये, म्हणून ती अक्षरं कोपऱ्यावर लावायची. खायचं दुसऱ्या टोकाकडून, अक्षरं शेवटी. या पेस्टीवर जॉर्डनची होती.

"ही ज्याची असेल त्याला द्या."

तासाभरानं हवालदार परत आला. फडक्यात अक्षरांचा कोपरा तेवढा शिल्लक होता.

"एवढं आईला द्या म्हणाला. आणि वहीतलं नाव दुरुस्त करा म्हणाला. मी सांगितलं, खोट्या नावाचा गुन्हा वर चढेल. तर म्हणे, चढू द्या."

"केलंत दुरुस्त?"

"केलं. फार हट्टी आहे."

"माझाच आहे."

तिनं तो कोपरा बायबलच्या पहिल्या पानात ठेवला. चरबीचा डाग पडणार, हे तिला ठाऊक होतं. पुस्तक मिटून ती मॅडिसनच्या रस्त्याला लागली.