यासेनची प्लीहा

यासेन पैलवान सरावात डाव्या कुशीवर आदळला आणि कळवळतच रुग्णालयात आला. बरगडीखालची प्लीहा फाटली असेल, अशी सगळ्यांना धास्ती. फाटली तर आतल्या आत रक्त जाऊन माणूस हातचा जातो. सी.टी. झाला. पडद्यासमोर डॉक्टर रुमेना, फोनवर सर्जन मानोल.

"फाटलीय का नाही, तेवढं सांग. मुहूर्त बघतेयस का?"

प्लीहेवर काळे-पांढरे पट्टे दिसत होते. "फाटलीय," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आता गंमत बघा. सी.टी.साठी शिरेत औषध सोडलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात धडधाकट प्लीहासुद्धा अशीच पट्टेरी दिसते. मिनिटभरानं दुसरी चित्रं येतात, खरं काय ते तेव्हा कळतं. वीस वर्षं ही बाई शिकाऊ डॉक्टरांकडून हेच घोकून घेत होती. आणि स्वतःला तेवढा दम निघाला नाही.

दुसरी चित्रं तिनं उघडली ती तासाभरानं, अहवाल लिहायला बसल्यावर. प्लीहा एकसारखी, गुळगुळीत. ती धावत सुटली, पण मानोल पोटाला टाके घालत होता. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं तिला.

घरच्यांना मानोलनं ठोकून दिलं, "वेळेवर आणलंत, प्लीहा वाचवली."

चौथ्या दिवशी रुमेना यासेनच्या खोलीत गेली, तर त्याच्या खाटेशी त्याची आई दोन्का चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन उभी. "घ्या बाई, चीज घरचंच आहे. महिन्यावर आलेली राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा गेली, जाऊ दे. पोरगा तुमच्यामुळे आहे."

रुमेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घास घेणं शक्यच नव्हतं.

"दोन्काबाई, त्याला काही झालं नव्हतं. मी चुकले. उगाच पोट फाडलं त्याचं."

"असं कसं? मोठे डॉक्टर म्हणाले..."

"खोटं म्हणाले. माझी चूक झाकायला."

दोन्कानं बानित्सा बाजूला ठेवली. म्हणाली, "कळलं असतं का तेव्हाच?"

"एक मिनिट थांबले असते तर."

यासेननं सदरा ओढून पट्टी झाकली. दांडगा पैलवान, पण मान खाली घालून पुटपुटला, "माझंच चुकलं, डॉक्टर. मीच फार ओरडत होतो. तुम्हाला घाई झाली असणार."

"नाही रे," रुमेना म्हणाली. "तुझा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतसुद्धा नव्हता."