उलट्या कडेच्या खाचा

खुंट्या सहा, फ्रेट बावीस, तारा शून्य. इलेक्ट्रिक गिटार बाकावर आडवी ठेवून कारागिराने मोजदाद केली आणि ती घेऊन आलेल्या बाईकडे चष्म्यावरून पाहिलं.

“तारा कुठे गेल्या, ताई?”

“मी यांना म्हटलं, एकदा घरीही वाजवा. तर म्हणाले, तुटल्यात.”

“सहाच्या सहा?”

“सहाच्या सहा.”

कारागीर हसला, ती हसली नाही. नवरा दर शनिवारी सरावाला म्हणून गिटार घेऊन जायचा. परवा फोनवर तो कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होता, “खरखर येतेय ना? फ्रेट घासून आणतो.” तिला पाहताच त्याने फोन ठेवला. आज तो बाहेरगावी गेला होता, म्हणून गिटार तिनेच उचलून आणली.

कारागिराने गिटारच्या मानेवरच्या लाकडावर चिकटपट्टी लावली, फ्रेटच्या आडव्या धातूपट्ट्यांवर मार्करची काळी शाई फिरवली. मग पॉलिशपेपर चिकटवलेली सरळ पट्टी तो त्यांवरून हलक्या हाताने मागेपुढे घासू लागला.

“ही कपाटात नुसती पडून असती, तर कळलं असतं?” तिने विचारलं.

“शाई सगळीकडून सारखी गेली असती. उरते ती झिजलेल्या जागी.”

ती वाकली. पहिल्या पाच फ्रेटवर शाईचे बारीक ठिपके उरले होते. म्हणजे वाजत होती; सराव खोटा नव्हता. तिने सुटकेचा श्वास घेतला, पण कारागिराचा हात थांबला होता.

“अशी अरुंद खाच बारीक तारेची. बारीक तारा असतात या कडेला. खाचा त्या कडेला.” त्याने गिटारचं डोकं उजेडात धरलं. “साहेब डावखुरे?”

“नाही.”

“मग कुणीतरी तारा उलट्या लावून वाजवतंय. आणि शिकतंय. पहिल्या पाचांपुढच्या फ्रेटना बोटसुद्धा लागलेलं नाही.”

तिने स्टूल ओढलं आणि बसली. घरात डावखुरं माणूस एकच होतं. जेवताना कोपर कुणाला लागू नये म्हणून लेकीची खुर्ची टेबलाच्या टोकाला असायची. “या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस,” असं तिनेच लेकीला बजावलं, त्यानंतर ती खुर्ची माळ्यावर गेली. चढवली नवऱ्याने.

“घासू ना पुढे?”

“घासा.”

शाईचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत ती बघत राहिली. कारागिराने कानशीने माथे गोल केले, चकाकी आणली, तारांचं पाकीट फोडलं.

“कशा लावू? सरळच ना?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“डावखुऱ्या लावा.”

“साहेब काही म्हणणार नाहीत?”

“त्यांना मी सांगेन. शनिवारी मीही जाणार आहे बरोबर.”

त्याने तारा चढवल्या, सूर लावले, एकेक फ्रेट दाबून वाजवून पाहिला आणि स्टीलची मोजपट्टी टेकवून फ्रेट आणि तारांमधलं अंतर मोजलं. बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली दीड मिलिमीटर, जाड तारेखाली दोन. बावीस फ्रेट, खरखर शून्य.