काम सुरू झालेले नाही

सातवे कलम गोपीनाथ गुप्त्यांनी स्वतः लिहिले होते, आणि लिहिले त्या दिवशी त्यांना त्याचा अभिमान वाटला होता.

परदेशांतल्या चार धर्मादाय मंडळांनी आपापल्या देणग्या एकत्र करून ठाणे जिल्ह्यातल्या गावांसाठी संयुक्त निधी उभारला, ठाणे शहरात खोपटला एका कौलारू घरात त्याची कचेरी उघडली आणि गोपीनाथांना तिचे प्रमुख नेमले, ते १९५४ साल होते. पहिल्याच बैठकीत त्यांना कळून चुकले की पैसा एकत्र येतो, संशय एकत्र येत नाही. दुसऱ्याच्या आधीच झालेल्या कामावर आपले पैसे खर्ची पडतील, ही भीती मंडळांच्या चौघाही प्रतिनिधींना होती. दुपारभर कोणी हलेना. मग गोपीनाथांनी पेन्सिलीने एक वाक्य लिहून पुढे सरकवले : मंजुरीपूर्वी सुरू झालेल्या कोणत्याही कामास या निधीतून साहाय्य मिळणार नाही. चौघांनी माना डोलावल्या. चार देशांचे पहिले एकमत आपल्या वाक्यावर झाले, या समाधानात ते त्या संध्याकाळी तलावपाळीवर बराच वेळ बसले होते.

त्याच वाक्याने उंबरखार बुडवले.

उंबरखार म्हणजे डोंबिवली स्टेशनापासून खाडीकडे तासाभराच्या पायवाटेवरचे आगऱ्यांचे गाव. चाळीस घरे, भाताची खाचरे आणि त्यांना खाडीपासून अडवणारा मातीचा बांध. पंचावन्नच्या पावसाळ्यात त्या बांधाला खांड पडली. भरतीचे पाणी अर्ध्या शिवारात फिरले. खारे पाणी एकदा मुरले की तीन वर्षे तिथे भात धरत नाही. उरलेले अर्धे वाचवायचे तर पुढच्या आषाढाआधी खांड बुजवायला हवी होती. माती आणि अंगमेहनत गावाची, दगड आणि उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीची, लाकडी झडप निधीची, असा अर्ज गावाचे म्हातारे धाकू पाटील अंगठा उठवून स्वतः देऊन गेले.

पण बांधाच्या कामाला मंजुरी लागते, हे उंबरखारच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हते. भात झोडून झाले की माघी पौर्णिमेला ओहोटी खोल जाते. त्या दिवशी नारळ फोडायचा, पहिले ढेकूळ पाहुण्याच्या हातून टाकायचे आणि दुसऱ्या दिवसापासून घरटी एक माणूस चिखलात उतरवायचा, एवढेच त्यांना ठाऊक. छप्पन्नच्या माघात पाहुणे म्हणून त्यांनी गोपीनाथांना बोलावले. अर्ज चार देशांच्या टेबलांवरून फिरत होता. नको म्हणणे गोपीनाथांना अशुभ वाटले. खरे सांगायचे तर त्यांना कोणी असे कधी बोलावले नव्हते. त्यांनी नारळ फोडला, धोतराचा सोगा खोचून ढेकूळ टाकले. कचेरीच्या वार्षिक पत्रिकेत त्याचे छायाचित्र छापून आले. खालची ओळ त्यांनीच सांगितली होती : 'उंबरखार येथे बांधकामाचा शुभारंभ.'

एप्रिलमध्ये एका मंडळाचे पत्र आले. सभ्य, चार ओळींचे. पत्रिकेवरून काम सुरू झाल्याचे दिसते. तसे असल्यास सातव्या कलमान्वये अर्ज रद्द समजावा. तसे नसल्यास प्रमुखांनी लेखी कळवावे.

टंकलेखिका सुमेधा वैद्य यंत्रात कागद सरकवून थांबली. "काय लिहू, साहेब?"

"ती केवळ पूजा होती. धार्मिक रिवाज. काम सुरू झालेले नाही."

"फोटोत मागे वीस माणसं मातीच्या पाट्या घेऊन उभी आहेत. पूजेला पाट्या कशाला, असं विचारलं त्यांनी तर?"

"आपल्या पूजेला काय लागतं, त्यांना काय कळतंय!"

"नाही, ते खरंच," सुमेधा म्हणाली. "मला तरी कुठं कळतंय." आणि तिने ते वाक्य जसेच्या तसे टंकले.

गोपीनाथांनी सही केली. एका गावाच्या भातापुढे एक खोटे वाक्य केवढेसे? आठवड्याने उत्तर आले : खुलासा मिळाला. मंडळांतर्फे श्री. लिंडगार्ड मेच्या दुसऱ्या आठवड्यात जागा पाहण्यास येत आहेत.

गोपीनाथ त्या दिवशी भर दुपारी उंबरखारला गेले. खाजणाच्या दलदलीपलीकडे बांध दिसला आणि त्यांची पावले मंदावली. माणसाच्या छातीएवढा, तळाशी रुंद, काळा, ओला, रोजच्या ओहोटीत थोडाथोडा वाढलेला. खांडीचे तोंड दोन्ही बाजूंनी जवळ येत येत आता बैलगाडीच्या रुंदीचे उरले होते. पृथ्वी स्वतःहून अशी ओठ मिटत नाही; तिला चाळीस घरांचे हात लागतात.

"बगा सायेब!" धाकू पाटील हसत वर आले, कोपरापर्यंत चिखल. "तुमचा दगुर आला का तोंड बंद. मंग खारीला सांगू, बाय, आता बाहेरच ऱ्हा."

गोपीनाथांनी पत्र सांगितले. मग आपले उत्तरही सांगितले. आणि मग, सगळ्यांना उन्हात उभे ठेवून, जे सांगायला आले होते ते सांगितले : साहेब येतील तेव्हा इथे बांध दिसता कामा नये.

खांडीला लागूनच जिचे खाचर होते ती बायजा पदराला हात पुसत पुढे आली.

"म्हंजे ह्यो बांद आमी बांदलाच नाय?"

"कागदावर नाही."

"आनि माजी पाठ दुकते ती कंच्या कागदावर?"

दोघीतिघी हसल्या. धाकूंनी हात वर करून त्यांना गप्प केले. "सायेब, आमी नाय पारला, आनि त्यानं बगला, तं?"

"तर दगड नाही."

"आनि पारला तं?"

"तर दगड नक्की. माझा शब्द."

धाकूंनी खाडीकडे पाहिले. नुसत्या मातीला आषाढाचे उधाण ऐकत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. दगडाची कड हवीच. "नारल ह्यांच्या हातचा हाय," ते गावाकडे वळून म्हणाले. "सबुद बी ह्यांचा धरू."

दोन महिन्यांत बांधलेले अडीच दिवसांत उतरले. माती भरतीच्या तोंडी लोटून दिली, ती खाडीने नेली. गोपीनाथ तिन्ही दिवस तिथे गेले. पाटी उचलायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा बायजाने ती काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या. तुमी हात लावलाव का काम सुरू होतं."

लिंडगार्डसाहेब चांगला माणूस निघाला, हीच त्यातली वाईट गोष्ट. पांढरे केस, उन्हाने लाल झालेली मान, बूट काढून चिखलात उतरण्याची तयारी. काम सुरू झाले नसल्याची त्याने खातरजमा केली, वहीत खूण केली आणि पान उलटले. पुढच्या पानावर आणखी एक कलम होते, त्याच्याच देशाने आग्रहाने घातलेले : स्थानिक लोकांचा प्रत्यक्ष सहभाग. तो ओसाड खांडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, पावसाला महिना उरला आहे. या लोकांना विचारा, त्यांनी आपणहून आजवर काय केले?

दुभाषा म्हणून गोपीनाथच होते. मराठी वाक्य त्यांच्या ओठांपाशी येऊन उभे राहिले. खरे उत्तर दिले तर सातवे कलम, खोटे दिले तर हे सहभागाचे. दोन दारे, आणि दोन्हींच्या कड्या आपणच आतून घातल्या आहेत, हे त्यांना त्या क्षणी इतके स्वच्छ दिसले की वर्षानुवर्षांच्या हुशारीची त्यांना किळस आली.

"धाकूबाबा, साहेब विचारतायत, तुम्ही आजवर काय काम केलंत?"

धाकूंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिले. गोपीनाथांनीच पढवलेले उत्तर त्यांनी नीट पाठ केले होते. "काय बी नाय केला, सायेब. आमी वाट बगत बसलाव."

गोपीनाथांनी त्याचे इंग्रजी केले. शब्दाला शब्द. मग त्यांनी आणखी काही बोलायला तोंड उघडले; पण चार मंडळे, दोन वर्षांची कचेरी, मंजुरीच्या रांगेतली इतर अकरा गावे, सगळी त्या उघड्या तोंडाशी दाटली, आणि ते मिटले. लिंडगार्डसाहेबाने दुःखाने मान हलवली आणि हळुवारपणे, पेन्सिलीने, काहीतरी लिहिले.

मेअखेर निकाल आला. गरज निर्विवाद, परंतु ग्रामस्थांमध्ये पुढाकाराचा अभाव. दगड, जिथले काम वेळेत पुरे होण्याजोगे होते अशा दुसऱ्या गावाला गेला. गोपीनाथांनी राजीनामा लिहिला. नवा माणूस येईपर्यंत सगळ्याच मंजुऱ्या थांबतील, असे सुमेधाने सांगितल्यावर तो खणात ठेवला. तिचे म्हणणे बरोबर होते. खणात ठेवायला बरोबर कारण मिळाले याचे त्यांना बरे वाटले, तेही त्यांनी ओळखले.

आषाढी अमावास्येच्या उधाणाने उरलेले शिवार घेतले.

श्रावणात गोपीनाथ उंबरखारला गेले. वाटेवर कोणी अडवले नाही, कोणी हाकही मारली नाही. खाचरांत आभाळ पडले होते, सपाट, करडे, कडेला मिठाची पांढरी रेघ. निम्मी घरे बंद होती; माणसे आंबिवलीच्या बाजूला, वीटभट्ट्या आणि गिरण्यांच्या शोधात गेलेली. धाकू पाटील ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ओळखले, घोंगडीचे टोक सरकवून जागा केली.

"अर्दा बांद ऱ्हायला असता," ते म्हणाले, तक्रार नसल्यासारखे, "तं वरची चार खाचरा वाचली असती. एवरा वाटतं कवा कवा."

बायजा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवून उभी राहिली. गोपीनाथांनी तो तोंडाला लावला. विहिरीतही खाडी शिरली होती. पाणी खारट होते, पण तिची नजर हलत नव्हती, म्हणून त्यांनी तांब्या उंच धरून तळापर्यंत प्यायला.

"आनखी देऊ?" बायजाने विचारले.

"द्या," गोपीनाथ म्हणाले.