आल्मा मावशीची आजन्म हमी

हत्यारांची गाडी आमच्या गॅरेजवर दर गुरुवारी सकाळी दहाला यायची. रविवारी चर्चची घंटा वाजायची तेव्हा निम्मं गाव अंथरुणात असायचं, पण गुरुवारी तो भोंगा वाजला की ट्रकखाली आडवा झालेला माणूससुद्धा उठून बसायचा, आणि बहुतेक वेळा डोकं आपटून घ्यायचा.

गाडी म्हणजे चाकांवरचं दुकान होतं. आत दोन्ही बाजूंना छतापर्यंत पाने, रॅचेट, सॉकेट, पकडी, सगळं आरशासारखं लखलखीत. मधली वाट इतकी अरुंद, की समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला पोट आत घ्यावं लागे. सुपीरिअर सरोवराच्या काठी मटणाच्या पास्ट्या, म्हणजे तळहाताएवढ्या भाजलेल्या करंज्या, खाऊन वाढलेल्या माणसांना ते जमत नसे. मग दोघंही तिथेच अडकून पडत आणि अडकलोच आहोत म्हणून आणखी एखादं हत्यार विकत घेत. मला वाटतं, गाडी बांधणाऱ्याने हा हिशेब आधीच केला होता.

पण गाडीची खरी जादू होती ती हमी. हातातलं हत्यार मोडलं, तर मोडकं द्यायचं आणि नवं घ्यायचं. पावती नाही, चौकशी नाही, जन्मभर. लग्नातसुद्धा एवढी हमी मिळत नाही, असं आमच्या गॅरेजातला लेस्टर म्हणायचा. त्याची दोन झाली होती.

मी लान्सिंग शहरातून येऊन या गॅरेजात जेमतेम सहा आठवडे झाले होते. वय एकतीस, आणि सगळं येतं अशी खात्री. गॅरेजात आम्ही तिघंच: मी, लेस्टर बोव्हे आणि वाइनो कांगास. वाइनो सहासष्ट वर्षांचा होता, पाठीतून थोडा वाकलेला, आणि बोलायचा असा, जणू प्रत्येक शब्दावर कर भरावा लागतो. सहा आठवड्यांत त्याने मला एकूण अकरा वाक्यं ऐकवली होती. त्यातली चार "दार लाव" अशी होती. बारावं वाक्य शाबासकीचं असावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्या गुरुवारी, त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ लोटायचा तीन नंबरचा ट्रक आमच्याकडे आला होता. पुढचा पोलादी फाळ उचलणारा पंप बंद पडला होता. दुपारी दोनला वादळ येणार, दीड हात बर्फ पडणार, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. दवाखान्याचा रस्ता तीन नंबरकडे होता. रस्ते खात्याचा मुकादम नॉरिस आमच्या शेगडीजवळ उभा राहून दर पाच मिनिटांनी आभाळाकडे बघत होता, जणू आभाळ त्याच्या हाताखाली कामाला आहे आणि आज लवकर सुटी मागतंय.

दहाला भोंगा वाजला. वाइनो तेव्हाच चाकांच्या फळीवर आडवा होऊन ट्रकखाली सरकत होता. आतूनच बारावं वाक्य आलं, "माझ्या ढकलगाडीवरचं मोडकं देऊन ये."

शेगडीजवळ उभ्या त्याच्या हत्यारांच्या ढकलगाडीवर एक ट्रे होता. ट्रेमध्ये एक तडकलेलं सॉकेट आणि दात गेलेलं रॅचेट. आणि ट्रेला लागून साडेचार सुताचा एक पाना. काय अवस्था होती त्याची! मधूनच वाकलेला, पुढे पुन्हा दुसरीकडे पिळलेला, चमक उडालेली, मानेजवळ निळाकाळा. मला वाटलं, बिचारा म्हातारा असल्या पान्याने काम करतो आणि बदलून मागायलाही लाजतो. मी तोही उचलला.

गाडीवर मार्व्हा प्रिचर्ड होती. या मार्गावरचा तिचा तिसराच गुरुवार. आधीचा विक्रेता बावीस वर्षं याच वाटेवर होता, त्यामुळे तिला सगळ्यांना खूश करायची घाई होती. तिने तो पाना उजेडात धरला आणि तिचाही चेहरा पडला.

"ह्याच्यावरून रेल्वे गेली का?"

मी म्हणालो, मालक फार साधा माणूस आहे, तक्रार करत नाही. तिने पाना मोडक्या हत्यारांच्या बादलीत टाकला आणि कोरा करकरीत, सरळसोट पाना माझ्या हातात ठेवला. शिवाय वाइनोसाठी एक टॉफी. मी तो पाना पुसून, चमक वर येईल असा, ढकलगाडीवर ठेवला. भोंगा वाजवत गाडी निघून गेली. मी तेराव्या वाक्याची वाट बघत बसलो.

ते अकराच्या सुमारास आलं.

"आल्मा मावशीला हाताशी ठेव. चौथ्या बोल्टला लागेल."

मी लेस्टरकडे गेलो. तो पास्टी खात बसला होता. मी विचारलं, वाइनोची मावशी येणार आहे का, आणि बोल्टशी तिचा काय संबंध. लेस्टर हसत हसत सांगू लागला, की मावशी म्हणजे वाइनोचा वाकडा पाना. खरी आल्मा मावशीही कंबरेतून अशीच वाकलेली होती, पण कुणाच्याही संसारात कुठल्याही फटीतून हात घालायची. ह्या ट्रकच्या पंपाचा चौथा बोल्ट चासीच्या मागे अशा जागी बसतो, की कंपनीच्या कुठल्याच पान्याने तो निघत नाही. वाइनोने एका पान्याला गॅसच्या ज्योतीवर तापवून वाकवायला सुरुवात केली आणि बरोबर वळण सापडेपर्यंत तीन हिवाळे गेले. केसभर इकडेतिकडे झालं तरी तो बसत नाही.

मग त्याची नजर ढकलगाडीवरच्या लखलखीत पान्याकडे गेली. त्याचं चावणं थांबलं.

"तू नाही ना रे..."

"हमीत बदलून आणला," मी म्हणालो.

लेस्टरने पास्टी खाली ठेवली. जेवणाच्या वेळी पास्टी खाली ठेवलेला लेस्टर त्याआधी कुणी पाहिला नव्हता. पुढे तो जे बोलला त्यातले निम्मे शब्द मला लिहिता येणार नाहीत. उरलेल्याचा अर्थ असा, की पहिले तीन बोल्ट गंजलेत, प्रत्येकाला वीस मिनिटं लागतील. म्हणजे तासाभराने वाइनो हात बाहेर काढेल, आणि त्या हातात मावशी पडली नाही तर तीन नंबर इथेच राहील आणि दवाखान्याचा रस्ता बर्फाखाली जाईल. अख्खी काउंटी हे कुणामुळे झालं ते विचारेल, आणि सांगायला नॉरिस इथे उभाच आहे.

"गाड्या ओढायचा ट्रक घे. आधी आरा मिल, मग शाळेच्या बसचं गॅरेज. मी ह्याला रमवतो."

"कसं?"

"ते माझ्यावर सोड. तू पळ."

त्या ट्रकचा हीटर दोन वर्षं बंद होता. मी नवा पाना उचलून शेजारच्या सीटवर टाकला आणि सुटलो. आभाळ जुन्या पातेल्याच्या बुडासारखं झालं होतं. गाडी हाकताना मी मनातल्या मनात मार्व्हाला काय सांगायचं त्याची तालीम करत होतो. आरा मिलला पोचलो तर गाडी दहाच मिनिटांपूर्वी गेलेली. तिथला मेकॅनिक नव्या रॅचेटचा कर्र कर्र आवाज कानाजवळ धरून ऐकत उभा होता, चेहऱ्यावर पहिल्या नातवाला भेटल्याचा भाव. ऐक, बहात्तर दात आहेत, म्हणाला. मला थांबायला वेळ नव्हता. तरीपण दोनदा ऐकलं. आवाज खरंच सुंदर होता.

बसच्या गॅरेजसमोर पांढरी गाडी दिसली तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. आत पाच जण अडकले होते. मी सहावा घुसलो.

"मार्व्हा, तो वाकडा पाना परत दे. तो मोडका नव्हता. तो तसाच आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बादलीत हात घातला, ढवळलं, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"तो हिल्मरने मागून घेतला. त्याला बघताक्षणी आवडला."

बसच्या गॅरेजचा मेकॅनिक हिल्मर चार नंबरच्या बसखाली होता. त्याचे बूट तेवढे दिसत होते, आणि ते बूट आनंदाने हलत होते. आतून आवाज येत होता, दोन वर्षं, दोन वर्षं हा बोल्ट मला रडवत होता, आणि बघा कसा निघाला. मी बुटांशी बोललो. म्हटलं, हिल्मर, तुमच्या हातात वाइनोची आल्मा मावशी आहे.

बूट थांबले. फळी सरकून हिल्मर बाहेर आला. तोंडभर ग्रीस, डोळ्यांत प्रेम.

"वाइनोची? तरीच. कंपनीला हे सुचणं शक्य नाही." त्याने पाना छातीशी धरला. "पण आता ती माझी आहे. बादलीत गेलेलं हत्यार कुणाचंच नसतं."

"हिल्मर, दोन वाजता बर्फ आहे. तीन नंबर उघडा पडलाय."

हे त्याला लागलं. त्याच्या बसगाड्या त्याच रस्त्याने जात. तो मावशीकडे बघू लागला, मग माझ्या हातातल्या नव्या पान्याकडे, मग कोपऱ्यातल्या गॅसच्या सिलिंडरकडे. मला कळलं, त्याला दुसरी मावशी घडवायची होती. मी नवा पाना त्याला दिला.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. हिल्मरने मावशीला लोखंडी बाकावर निजवलं आणि खडूने तिच्याभोवती रेघ मारली. ज्योत पेटली. हत्यारांच्या गाडीतले पाचही जण एकमेकांतून सुटून बाहेर आले. मार्व्हाही आली, आणि सकाळीच स्वतः हमीत दिलेला कोरा पाना लालभडक होताना बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"ह्याच्यावर आता हमी नाही हं," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

पहिलं वळण छान आलं. दुसरं हिल्मरने उत्साहाच्या भरात उलट्या बाजूला घातलं. पाच जणांनी एकदम पाच सूचना केल्या, सहावी मी केली. घड्याळात अकरा पन्नास. हिल्मर म्हणाला, गप्प बसा, हे पुन्हा तापवावं लागेल. तापवलं. पिळलं. खडूच्या रेघेवर ठेवलं, तर केसभर बाहेर. पुन्हा तापवलं. मी दारातून आभाळाकडे बघितलं तर पहिली पांढरी कणी तिरकी उडत गेली. रेडिओला दोन तासांची चूक झाली होती.

"बसली," हिल्मर म्हणाला, आणि सगळ्यांनी असा जल्लोष केला, की शेजारच्या शाळेच्या खिडक्यांत चेहरे आले. मी मावशीला उचलून पळत सुटलो. मागून मार्व्हा ओरडून विचारत होती, आणखी कुणाला साडेचार सुताचा सरळ पाना हवाय का. चार हात वर झालेले मी ट्रकच्या आरशात बघितले.

गॅरेजात शिरलो तेव्हा बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. लेस्टर ट्रकखाली तोंड घालून आपल्या दुसऱ्या लग्नाची हकिगत सांगत होता. त्याआधी त्याने वाइनोला तीनदा चुकीच्या मापाचं सॉकेट दिलं होतं आणि गंजावर तेल मुरायला हवं म्हणून दोनदा थांबवलं होतं. नॉरिस नखं खात होता. आणि ट्रकखालून वाइनोचा हात बाहेर आलेला होता, तळवा वर, वाट बघत.

मी त्या तळव्यावर मावशी ठेवली.

बोटं मिटली. हात आत गेला नाही. तसाच राहिला, पाना जोखत.

"गार का आहे?" आतून आवाज आला.

मी लेस्टरकडे बघितलं. लेस्टर छताकडे बघत होता. सकाळपासून शेगडीजवळ असलेलं हत्यार गार नसतं, आणि त्या हीटरबद्दल मला सगळ्यांत आधी विचार करायला हवा होता.

"मावशी जरा बाहेर जाऊन आली," मी म्हणालो. "माझ्यामुळे. हमीत."

हात आत गेला. मग लोखंडावर लोखंड बसल्याचा बारीक आवाज, एक दीर्घ हुंकार, आणि कटकन बोल्ट सुटला. नॉरिसने माझ्या खांद्याला धरलं, इतकं घट्ट की खूण दोन दिवस राहिली. मग आम्ही तिघं तुटून पडलो. जुना पंप खाली, नवा वर, पाइप, तेल. दोनला दहा कमी असताना फाळ पहिल्यांदा उचलला गेला, आणि आम्ही तिघांनी मोठी आरोळी ठोकली असावी, कारण नॉरिसने कान झाकले. तीन नंबर पिवळा दिवा फिरवत बाहेर पडला. बाहेर तेव्हा रस्ता आणि आभाळ ओळखू येईनासं झालं होतं.

वाइनो हात पुसत उभा राहिला. ढकलगाडीवरची टॉफी त्याने उचलली, उलटून बघितली, तोंडात टाकली.

"कुठवर गेली होती?" त्याने विचारलं.

"हिल्मरकडे."

"हं." त्याने टॉफी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "लेस्टरने दिली होती तेव्हा आरा मिलपर्यंतच गेली होती."

मी वळून लेस्टरकडे बघितलं. लेस्टर आपली थंडगार पास्टी अतिशय एकाग्रतेने खात होता.

पुढच्या गुरुवारी भोंगा वाजला तेव्हा मावशीच्या मानेला तारेने एक पत्र्याचा बिल्ला बांधलेला होता. वाइनोने स्वतः, ठोक्याठोक्याने, त्यावर अक्षरं उठवली होती: मोडलेली नाही. अशीच आहे. मार्व्हाने तो वाचला, मग शेजारी वाकून उभ्या असलेल्या वाइनोकडे बघितलं, आणि विचारलं, मालकासाठी असा आणखी एक बिल्ला करून मिळेल का.

वाइनो हसला. मग मला म्हणाला, "दार लाव."