कारापूरच्या विहिरींची दोरी

मित्रांनो, मी काथ्याची एक जुनी दोरी आहे. एका टोकाला दगड, आणि दर हातभर अंतरावर लाल चिंधी. डोंगरापलीकडे खाण खोल गेली आणि कारापूरच्या विहिरी आटू लागल्या, तेव्हा विनोदिनीने मला वळलं. दर सोमवारी ती मला सात विहिरींत सोडायची; विहिरीला ती बांय म्हणते. कठड्यापासून पाण्यापर्यंतच्या चिंध्या मोजायची आणि वहीत लिहायची; चिंध्या कमी म्हणजे पाणी वर. अशी नऊ वर्षं गेली.

मग परदेशी विद्यापीठातल्या मार्था बाई आल्या. सोबत पेडण्याचा गौरेश, त्यांचा सहसंशोधक. त्यांनी विनोदिनीचं फार कौतुक केलं, वहीचे फोटो काढले आणि मलाही नमुना म्हणून मागून नेलं. शहरातल्या कपाटात मी आठ महिने पडून होते. सोमवार आला की माझा जीव वरखाली व्हायचा. आज विहिरी कोण मोजत असेल?

शेवटी ती दोघं छापलेला अहवाल आणि मला घेऊन परत आली. पुढच्या तीन वर्षांचे आकडे त्यांना हवे होते. विनोदिनीने मला हातात घेतलं, पण तिचं लक्ष अहवालाकडे होतं.

"गौरेश, ह्यात माजा नाव खंय आसा?"

गौरेश चाचरला. "शेवटच्या पानार... स्थानिक मदतनीस म्हणून."

"आणि गुरुदासाच्या बांयचा पाणी चढला असा कोणी सांगला? हो अहवाल दाखवन सरकारान आमच्या वाड्याचो पाण्याचो टँकर बंद केलो!"

"तुमच्याच आकड्यांनी. दोन वर्षांपूर्वी एक चिंधी कमी झाली."

"अरे, त्या वर्सा कठडो कोसळलो. परत बांधताना तो हातभर सखल बांधलो, म्हणून चिंधी कमी. पाणी थंयच आसा. माका एकदा विचारूक नाय?"

गौरेशने बाईंना त्यांच्या भाषेत सगळं समजावून सांगितलं. मार्था बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गौरेशकरवी विचारलं, आता काय करू?

"आधी चूक सुधारा. माजा नाव लिवणाऱ्यांत घाला. आणि पुढे छापच्या आधी वाड्यार येवन आमच्या भाशेत वाचा."

"वरिष्ठांना विचारावं लागेल," बाई म्हणाल्या.

"विचारा. तवसर वही मिळूची नाय."

माझ्या पिळापिळात धाकधूक भरली. ती माणसं परत आलीच नाहीत तर? वाड्यातल्या बायका दूरच्या झऱ्यावरून कळशा वाहत होत्या. त्यांच्यातल्या पद्मावतीचा तर पाय मुरगळला. "तुज्या हट्टापायी," असं कोणीतरी विनोदिनीला बोललंही. तरी सोमवारी ती मला घेऊन विहिरींवर गेली.

दीड महिन्याने दुरुस्ती छापून आली. लेखकांत विनोदिनीचं नाव होतं. टँकर सुरू झाला. मग विनोदिनीने वही दिली, आणि नव्या अहवालाचा पहिला मसुदा मार्था बाई स्वतः घेऊन आल्या. देवळाच्या मंडपात गौरेश तो वाचू लागला. तिसऱ्याच पानावर पद्मावती लंगडत उठली आणि म्हणाली, "थांब. ही बांय आमची न्हय, शेजारच्या वाड्याची." गौरेशने पेन काढलं. त्या दिवशी अशा चार चुका निघाल्या, आणि मार्था बाई प्रत्येक चुकीला आभार मानत होत्या.

मित्रांनो, मी आता झिजले आहे, तरी मला चैन नाही. गावोगाव अशी माणसं मोजत, लिहीत आहेत. उद्या तुम्ही शिकून त्यांच्या दारी जाल. त्यांची वही मागाल तेव्हा आधी त्यांच्याजवळ बसा, आणि जे लिहाल ते त्यांना वाचून दाखवा.